एका रेकॉर्डने कान बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?

मागच्या महिन्यात माझी भाची घरी आली ती एक मोठ्ठं चौकोनी पाकीट काखेत मारूनच. इथे इंदूरलाच इंजिनिअरिंगला आहे, वय वीस. पाकिटात काळी रेकॉर्ड, एका नव्या हिंदी सिनेमाची गाणी, ऑनलाइन मागवलेली, किंमत ऐकून माझ्या आईने चष्मा काढला. आणि गंमत म्हणजे तिच्याकडे वाजवायला प्लेअरच नाही, तो माझ्याकडे आहे म्हणून ती रामबागेत आली. आता हे फक्त तिचं खूळ नाहीये बरं का. अमेरिकेत 2022 मध्ये काळ्या रेकॉर्ड सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, 1987 नंतर पहिल्यांदाच, साधारण 4 कोटी 10 लाख रेकॉर्ड आणि सीडी 3 कोटी 30 लाख. आपल्याकडेही जुन्या सिनेमांच्या रेकॉर्ड परत छापल्या जातायत.

तर रेकॉर्ड वाजवून झाली, पोहे खाऊन झाले आणि ती म्हणाली, मावशी, लोकं म्हणतात ना की अमक्या अल्बमने माझं म्युझिककडे बघणंच बदललं, तर म्हणजे होतं काय? गाणं आवडतं किंवा नाही आवडत, त्यात बघणं कसं बदलेल? मी तिला जे सांगितलं ते अर्धवटच सांगितलं असं रात्री वाटत राहिलं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि ज्यांना ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी.

आधी अल्बम हा शब्द

अल्बम म्हटलं की आपल्याला लग्नाच्या फोटोंचा अल्बम आठवतो आणि खरंच तिथलाच शब्द आहे हा. जुन्या रेकॉर्ड लाखेच्या असायच्या (हो, तीच लाख, बांगड्यांची, किड्यापासून मिळते ती) आणि मिनिटाला 78 फेरे फिरायच्या. एका बाजूला साधारण तीन मिनिटं, थोडी मोठी तबकडी असली तर चार-साडेचार. मग एखादी मोठी रचना द्यायची तर पाच-सहा तबकड्या लागायच्या, त्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात, पानापानाच्या खिशात घालून विकायचे, दिसायला हुबेहूब फोटोचा अल्बम. नाव तिथून पडलं.

1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी आणली, म्हणजे लाँग प्ले. मिनिटाला साडेतेहेतीसच्या जरा आत फेरे, खाचा खूप बारीक, प्लॅस्टिकची, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. आख्खं पुस्तक एका तबकडीत आलं पण नाव अल्बमच राहिलं. नंतर कॅसेट आली, सीडी आली, आता फोनमध्ये फक्त एक चौकोनी चित्र असतं, तरी शब्द तोच. तर अल्बम म्हणजे एका बैठकीत, एका क्रमाने ऐकायला म्हणून एकत्र बांधलेलं संगीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तीन मिनिटांचा डबा

ही लांबीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि हिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. भारतातली पहिली मोठी रेकॉर्डिंग मोहीम 1902 ची, कलकत्त्यात गौहरजान गायल्या, आणि गाणं संपलं की शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या, म्हणजे तिकडे कारखान्यात तबकडी तयार करणाऱ्याला कळावं कोणाची आहे ते. तिथून पुढची जवळपास पन्नास वर्षं आपल्या सगळ्या थोर गवयांना तीन मिनिटांत राग बसवावा लागला. विचार करा, लग्नाच्या पंगतीचा पूर्ण स्वयंपाक, वरण-भातापासून श्रीखंडापर्यंत, एका टिफिनच्या डब्यात भरायचा. भरला त्यांनी, आणि काय सुंदर भरला, अब्दुल करीम खांसाहेबांच्या त्या छोट्या रेकॉर्ड आजही ऐकत बसावंसं वाटतं. पण ज्यांना मैफलीला जायला मिळायचं नाही त्यांच्यासाठी राग म्हणजे तेवढंच झालं. घाईघाईत सुरू, एक-दोन वळणं, ताना, संपलं.

आणि सिनेमाचं गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं का असतं, तेही त्या तबकडीमुळेच. तबकड्या गेल्या तरी सवय राहिली. लताबाई जन्मल्या इथे, इंदूरलाच, 1929 मध्ये, आणि त्यांचं निम्मं आयुष्य त्या तीन मिनिटांच्या चौकटीत गाण्यात गेलं, आपले कानसुद्धा त्याच मापाने शिवले गेले.

म्हणजे बघा, आपण ज्याला माझी आवड म्हणतो त्यातली बरीचशी डब्याच्या आकाराने ठरवलेली असते. हा मुद्दा धरून ठेवा, पुढे लागेल.

इंदूरच्या खांसाहेबांचा मारवा

आता माझी गोष्ट. मी सातवीत असेन. बाबांकडे एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता, तो झाकणाचा, बॅटरीवर पण चालायचा, आणि संध्याकाळी ऑफिसमधून आले की चहा घेऊन ते एकच रेकॉर्ड लावायचे. उस्ताद अमीर खां, एका बाजूला मारवा राग, दुसऱ्या बाजूला दरबारी. 1960 च्या सुमाराची एलपी. मला ती अजिबात आवडायची नाही. मला वाटायचं हे गाणं सुरूच होत नाहीये, माणूस गायच्या तयारीत आहे आणि तयारीतच वीस मिनिटं जातायत.

अमीर खां इंदूरचे. वडील शाहमीर खां सारंगिये, होळकरांच्या दरबारात नोकरीला, लहानपण इथेच गेलं, त्यांच्या गायकीला लोक इंदूर घराणं म्हणतात ते त्यामुळेच. 1974 मध्ये कलकत्त्याला मोटार अपघातात गेले. गाण्याची त्यांची चाल एकदम संथ. विलंबित हा शब्द इथे एकदाच समजून घेऊ, विलंबित म्हणजे संथ लय, ठेका इतका हळू की दोन ठोक्यांमध्ये माणूस विचार करू शकतो. मारव्यात त्यांनी झुमरा ताल घेतलाय, 14 मात्रांचा, म्हणजे 14 ठोक्यांचा, आणि एका मात्रेला जवळपास तीन-चार सेकंद. म्हणजे ठेक्याची एक पूर्ण फेरी व्हायलाच पाऊण मिनिट ते मिनिटभर. जुन्या तीन मिनिटांच्या तबकडीत अशा तीन-चार फेऱ्या झाल्या असत्या आणि सुई उचलावी लागली असती. आता लक्षात आलं ना, हा मारवा या रूपात घरोघरी पोचायला एलपीच यावी लागली.

आणि मारवा हा राग मुळातच जरा अवघड स्वभावाचा. सा म्हणजे घर, हे तर कोणीही सांगेल, गाणारा कुठेही फिरला तरी सा-कडे येतो आणि आपल्याला बरं वाटतं. मारव्यात पंचम, म्हणजे प, नाहीच, आणि सा-ला मुद्दाम टाळतात, नीवरून थेट कोमल रेवर जायचं, मधलं घर सोडून. म्हणजे तुम्ही दिवसभर बाहेर आहात, संध्याकाळ झालीये, राजवाड्यावरून पायी निघालात, आपल्या गल्लीच्या तोंडाशी आलात, घरातला दिवा दिसतोय, आणि गल्लीत न वळता पुढे निघून गेलात. परत चक्कर मारून आलात, परत पुढे. मागे तानपुरा सारखा सा सांगतोय, घर इथेच आहे, इथेच आहे, आणि गाणारा वळत नाही. मग कधीतरी वळतो, क्षणभरच, तेव्हा पोटात काहीतरी हलतं. सूर्यास्ताचा राग आहे हा, दिवेलागणीची ती हुरहुर असते ना, कारण नसलेली, ती यात आहे.

सातवीतल्या मला यातलं काही कळत नव्हतं. पण घरात एकच प्लेअर, बाबांच्या हातात, आणि रेकॉर्ड मोजून पंधरा-वीस. मी गृहपाठ करायची आणि मारवा चालू असायचा, आठवड्यातून तीनदा तरी. दोन वर्षं असं झालं असेल. मग एक दिवस बाबा बाहेरगावी होते, पावसाळ्याची संध्याकाळ, लाइट गेलेली, आणि मी स्वतः उठून ती रेकॉर्ड लावली. कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आलं की तो माणूस सा-कडे जात नाहीये. अक्षरशः अंगावर काटा आला. गाणं तेच होतं, दोन वर्षं तेच होतं.

यानंतर मला बाकीची गाणीसुद्धा वेगळी ऐकू यायला लागली, सिनेमाची, भावगीतं, आईच्या भजनी मंडळाचीसुद्धा. कुठे गाणं घरी येतंय, कुठे मुद्दाम लांबवतंय, कुठे येतायेता थांबलंय, हे कानाला आपोआप दिसायला लागलं. बघणं बदलणं म्हणतात ते हे.

डोक्यात काय चालतं

संगीत ऐकताना आपला मेंदू सतत पुढचा सूर ओळखायचा प्रयत्न करतो. आपल्याला पत्ता लागत नाही पण हे चालू असतं, जसं चौकात समोरून येणारी स्कूटर कुठे वळणार हे आपण न ठरवता ताडतो तसं. अंदाज बरोबर आला की बरं वाटतं, चुकला पण चूक गोड निघाली की अजून बरं वाटतं. 2011 मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं की आवडत्या गाण्याचा तो खास क्षण यायच्या आधीच, नुसत्या वाट बघण्यातच, मेंदूत डोपामिन सुटतं, आणि क्षण आला की परत सुटतं, वेगळ्या भागात. डोपामिन म्हणजे मेंदूतलं ते रसायन जे हवंसं वाटण्याशी जोडलेलं आहे.

पण वाट बघायची तर काय येणार आहे याची थोडी कल्पना पाहिजे. नवीन प्रकारचं संगीत पहिल्यांदा ऐकतो तेव्हा मेंदूकडे नकाशाच नसतो, म्हणून कंटाळा येतो, आणि आपण म्हणतो बोर आहे. ऐकून ऐकून नकाशा तयार होतो. आणि परिचयानेच गोष्ट आवडायला लागते हे तर रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्येच मांडलंय.

याचा एक पुरावा माझ्याकडे घरचाच आहे. बाबांच्या त्या मारव्यावर एक चरा होता, मध्यापुढे जरासा, तिथे सुई खट् करून एक तुकडा गाळून पुढे जायची. आज मी तोच मारवा फोनवर ऐकते, स्वच्छ, चरा नाही काही नाही, पण ती जागा आली की माझा कान दचकायला तयार होतो. खट् होत नाही आणि तिथे दोन सुरांचा एक तुकडा येतो जो मी लहानपणी कधी ऐकलाच नव्हता. चाळीस वर्षं झाली, नकाशात तो खड्डा अजून आहे.

पण शास्त्रीय कळत नाही त्यांचं काय

हे मला नेहमी ऐकवतात, तुला कळतं गं, आम्हाला काय कळणार. अहो, मला पण आधी काही कळत नव्हतं, रागाचं नावसुद्धा मी पाकिटावर वाचलं. नाव नंतर येतं. आणि एक सांगते, मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे सूर तेच सहा, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. गव्हाचं पीठ तेच, पण निखाऱ्यात भाजली तर बाटी, आधी उकळून मग भाजला तर बाफला, आणि लाटून तव्यावर टाकली तर पोळी, कोणी म्हणतं का एकच पदार्थ आहे म्हणून? जिभेला हा फरक कळतो कारण आपण लहानपणापासून खातोय. कानाचंही तेवढंच आहे. पूरिया खाली, गंभीर, ग आणि नीवर रेंगाळणारा, सोहनी वरच्या पट्टीत चमकणारी, रात्र सरतानाची. तीन दिवस तीन राग लागोपाठ लावून बघा, पुस्तक न वाचता फरक कळेल.

शिवाय बदल शास्त्रीय गायनानेच होतो असं कुठे आहे. 1967 ची एक एलपी आहे, कॉल ऑफ द व्हॅली, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार, ती पण मांडीवर आडवी घेऊन वाजवलेली. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, सकाळच्या अहीर भैरवपासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. एचएमव्हीतले आपले जी. एन. जोशी, भावगीतवाले, त्यांनी हा घाट घातला. या अल्बममुळे कित्येकांना पहिल्यांदा समजलं की गाण्यांचा क्रमसुद्धा काहीतरी सांगत असतो, पहिलं आधी का आणि शेवटचं शेवटी का. ज्यांना गायकी जड जाते त्यांना मी इथूनच सुरू करायला सांगते.

आणि बाहेरचं बघायचं तर अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा काइंड ऑफ ब्लू, 1959, न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत रेकॉर्ड झालेला. तोवर जॅझमध्ये सुरांचे गुच्छ सारखे बदलत राहायचे, वाजवणारा त्यांच्या मागे धावायचा. यात त्याने गुच्छ जवळजवळ थांबवले आणि एका सप्तकात आरामात हिंडायला सांगितलं. पहिल्याच तुकड्यात तर सूर सरळ आपल्या काफी थाटाचेच आहेत (थाट म्हणजे सुरांचा ठरलेला संच). मी ऐकला तेव्हा चाळिशीत होते, आणि मारव्यावर तयार झालेला कान तिथे लगेच बसला, हा माणूस पण घाई करत नाहीये हे पहिल्या दोन मिनिटांत कळलं. नकाशा एका गावाचा काढला तरी दुसऱ्या गावात उपयोगी पडतो तो असा.

मग प्लेलिस्टने काय बिघडलं

काही नाही, मी पण ऐकते, स्वयंपाक करताना तेच. पण प्लेलिस्ट बनते ती मुळात जे आपल्याला आधीच आवडतं त्याच्यासारखंच अजून देण्यासाठी. न आवडणारं दोन वर्षं कानावर पडत राहावं, अशी सोय तिच्यात नाही. आणि डब्याचा आकार परत बदललाय. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की एक प्ले मोजला जातो, त्यामुळे लोकांनी 30 सेकंदांच्या आत बटण दाबून पुढे जाऊ नये याची गाणं बनवणाऱ्याला काळजी घ्यावी लागते. अमीर खांच्या मारव्यात 30 सेकंदांत ठेक्याची एक फेरीसुद्धा पूर्ण होत नाही हो.

म्हणून मी भाचीला म्हटलं, तू ऐकतेस ते वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, तुझ्या कानाला कधी वाट बघायला लागलीच नाहीये एवढंच.

रेकॉर्ड म्हणजे डबाबंद, खरं गाणं मैफलीत

हे बाबांचे मित्र म्हणायचे आणि त्यात तथ्य आहेच. समोर बसून ऐकण्याची सर कशालाच नाही. आमच्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर देवासला कुमार गंधर्व राहायचे. ते 1948 मध्ये क्षयासाठी हवापालट म्हणून तिकडे आले, पाच-सहा वर्षं गाणं बंद, स्ट्रेप्टोमायसिन हे औषध नवीनच आलं होतं त्याने वाचले, पण एक फुफ्फुस जवळजवळ कामातून गेलं. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं ऐकली, आणि परत गायला लागले ते वेगळेच होऊन. बाबांनी त्यांना समोर बसून ऐकलंय आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

पण मैफलीत तो क्षण येतो आणि जातो. त्यांच्या निर्गुणी भजनांची कॅसेट मी कॉलेजात असताना इतकी घासली की टेप लांबली, आणि पाचव्या-सहाव्या वेळेला कुठेतरी माझ्या लक्षात आलं की ते श्वास कुठे घेतात ते. छोटा, झटक्यात फेकलेला सूर, मग शांतता, मग परत सूर. ती शांतता गाण्यातच धरलेली आहे, दम कमी पडला म्हणून झालेली फट नव्हे, तिच्यातून भजनातला तो एकटा, रिकामा आभाळासारखा भाव उभा राहतो. हे समोर बसून पहिल्याच वेळी कळणारे कान असतील कोणाचे तर त्यांना नमस्कार, मला मागे घेऊन परत परत ऐकावं लागलं. रेकॉर्डचं हे काम मैफल करू शकत नाही, आणि मैफलीचं काम रेकॉर्ड. दोन्ही पाहिजे.

आणि लहानपणीचं म्हणून आवडतं, हा आक्षेप? त्याचं उत्तर काइंड ऑफ ब्लूमध्ये आलंय, तो मला चाळिशीत भेटला.

काळीच रेकॉर्ड घ्यायची का

नाही. तीन हजार रुपये हातात असतील आणि प्लेअर नसेल तर बरे हेडफोन घ्या. काळ्या रेकॉर्डचा आवाज उबदार वाटतो, मलाही वाटतो, पण मापाने बघितलं तर चांगल्या डिजिटल फाइलमध्ये खरखर कमी असते आणि बारकावे टिकतात. रेकॉर्डचा खरा फायदा हा की ती मध्येच बदलायचा कंटाळा येतो, उठावं लागतं, सुई उचलावी लागते, म्हणून माणूस बसून राहतो. तेच फोन दुसऱ्या खोलीत ठेवून स्पीकरवर लावलं तरी साधतं.

एकच अल्बम निवडा, फार विचार न करता, जरा न कळणारा असला तर उत्तम. महिनाभर आठवड्यातून दोन-तीनदा, तोच, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच वेळेला. हातात भाजी निवडायला असली तरी चालेल, मला तर वाटतं हातात काहीतरी असलेलंच बरं. समजून घ्यायचा प्रयत्न करू नका, नुसतं कानावर पडू द्या. नाहीच आवडला तर सोडा, पण चौथ्या-पाचव्या वेळेच्या आधी सोडू नका.

भाचीला त्या दिवशी मी मारवा लावून दिला. सातव्या मिनिटाला तिने फोन बघितला, मग उलटा ठेवला. शेवटी म्हणाली, मावशी, हे अजून सुरू व्हायचंय असं वाटलं मला. मी म्हटलं, हो, मला पण असंच वाटायचं. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा पोह्यांबरोबर मी सराफ्यातून जलेबी आणून दिली आणि तिने स्वतःच विचारलं, ती रेकॉर्ड लावायची का. आत्तापर्यंत तीनदा झालीये. दरबारीची बाजू मी अजून लावलेली नाही, परीक्षा संपल्या की ये म्हटलंय, त्यासाठी रात्र पाहिजे.